खाणवाल्याचं भाडं आयटीआरमध्ये नेमकं कुठे दाखवायचं?

कळवेकर_७:
मुरबाडकडे आमची वडिलोपार्जित वरकस जमीन आहे, सातबाऱ्यावर माझं आणि काकांचं नाव, अर्धा अर्धा हिस्सा. २०२५ च्या एप्रिलपासून खडीच्या खाणीला भाड्याने दिलीय, महिना ६०,०००. खाणवाला १० टक्के टीडीएस कापून ५४,००० माझ्या खात्यावर टाकतो आणि त्यातले २७,००० मी लगेच काकांना जीपे करतो. पण टीडीएस अख्खा माझ्याच पॅनवर, एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वर्षाच्या माहितीच्या उताऱ्यात) ७,२०,००० दिसतायत, बघून घामच फुटला. काका म्हणतात सातबारा शेतीचा म्हणजे टॅक्सच नाही, ऑफिसातला एकजण म्हणतो घरभाड्यासारखे ३० टक्के वजा कर. मी नोकरदार, आजवर आयटीआर-१ भरत आलोय.

फॉर्म_सोळा:
काका आणि ऑफिसवाला दोघंही चुकले. जमिनीवर शेती होत असेल तरच तिचं भाडं शेतीचं उत्पन्न, तुमच्याकडे सुरुंग फुटतायत, नाचणी नाही लागत. ३० टक्के सूट घर-इमारतीच्या भाड्याला, मोकळ्या जमिनीचं भाडं 'इतर उत्पन्न' मध्ये जातं. भाडं मिळवण्यासाठी थेट झालेला खर्च कलम ५७ खाली वजा होतो, पण आयटीआर-१ मध्ये तो टाकायला जागाच नाही, त्यामुळे आयटीआर-२ भरा.

पारसिकवाला:
उत्पन्न फक्त तुमच्या हिश्शाचं दाखवा, ३,६०,०००. घोळ टीडीएसचा आहे. ७२,००० कापलेत त्यातले ३६,०००च तुमचे, सगळे क्लेम केलेत की नोटीस आलीच समजा. खाणवाल्याला दोघांचे हिस्से आणि पॅन लेखी द्या आणि त्याच्याकडून टीडीएस रिटर्न दुरुस्त करून घ्या, तो टाळाटाळ करेल, मागे लागा. आणि एक गंमत, २०२५-२६ पासून भाड्यावर टीडीएस कापायची मर्यादा महिना ५०,००० आहे आणि हिस्से ठरलेले असले की ती प्रत्येकाला वेगळी लागते. तुमचे तीस-तीस हजारच होतात, म्हणजे पुढे दोघांना वेगवेगळं पेमेंट घेतलंत तर टीडीएस कापायचंच कारण नाही. मात्र मग ॲडव्हान्स टॅक्स वेळच्या वेळी स्वतः भरायचा, नाहीतर व्याज बसतं. काका साठीच्या पुढचे असतील आणि धंदा नसेल तर त्यांना त्यातून सूट आहे.

फॉर्म_सोळा:
अजून एक, करारात 'रॉयल्टी' शब्द असेल तर दचकू नका, सरकारची रॉयल्टी खाणवाला ब्रासवर (खडी मोजायचं माप, १०० घनफूट) भरतो, ती तुमची कमाई नाही. परत द्यायचं डिपॉझिटही उत्पन्न नाही. पण ब्रासमागे तुम्हाला वेगळं काही देत असेल तर तेही दाखवावं लागेल, रोख असलं तरी.

कळवेकर_७:
अरे बापरे. भाड्याशिवाय ब्रासमागे थोडे पैसे काकांच्या हातात रोख देतो तो, ते मी धरलेच नव्हते. गाड्यांचा हिशोब काकांच्या वहीत आहे, पेन्सिलने लिहिलेला. रविवारी मुरबाडला जाऊन आधी तिचे फोटो काढून आणतो.