९६ ची मारुती ८००: पेट्रोलचा वास येतोय, सगळेच रबरी पाइप बदलू का?

नौपाड्याची_८००
बाबांची कार्ब्युरेटरवाली ८०० आता मी चालवते. ठाण्यातच असते, फार तर घोडबंदरपर्यंत. हल्ली सकाळी बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारा पाइप क्लिपपाशी ओला दिसतो, जरा वाकवला की बारीक चिरा उघडतात. गॅरेजवाल्याने क्लिप पिळून दिली, म्हणाला वर्षभर बघायला नको. दोन दिवसांत परत ओलं. तेवढाच तुकडा बदलू की सगळे? आणि दुकानातला कुठलाही काळा पाइप चालतो का?

तुर्भेचा_फिटर
ताई, पाइप बदलेपर्यंत गाडी काढू नका. ते पेट्रोल गरम इंजिनावर पडतंय. क्लिप आणखी पिळलीत तर ती चिरलेल्या रबरात रुतेल आणि गळती वाढेल.

सगळे बदला, एकाच वयाचे आहेत. रिटर्नचा (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा) आणि टाकीपाशी लोखंडी नळीला जोडलेले तुकडेसुद्धा. तिकडे कोणी वाकून बघत नाही, आणि पावसाळ्यातला चिखल नेमका तिथेच बसतो. पंपाच्या आधीच्या पाइपला चीर असली तर गाडी चालू असताना थेंबही दिसत नाही, उलट पंप हवा ओढतो. मग चढावर गाडी दम टाकते आणि लोक उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतात.

पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ (पेट्रोल पाइपाच्या दर्जाचा शिक्का) छापलेलं बघूनच घ्या. कार्ब्युरेटरच्या प्रेशरला आर६, आर७ सुद्धा पुरतो. पण आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. आर९ ला आतून फ्लोरोइलॅस्टोमरचा, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या खास रबराचा थर असतो, तो टिकतो. व्हॅक्यूमचा (नुसत्या हवेसाठीचा) पाइप ‘सेमच आहे’ म्हणून कोणी दिला तर घेऊ नका. जुना तुकडा सोबत न्या, आतला व्यास जुळला पाहिजे.

ऐरोली_गाडीवाला
क्लिपाही नव्या घ्या. पट्टीला आरपार खाचा असलेल्या नकोत, खाचांतून रबर वर येऊन कापलं जातं. गोल कडांच्या मिळतात, कुर्ल्याला सीएसटी रोडला बघा. फिल्टरही बदलून टाका. बसवताना त्यावरचा बाण इंजिनाकडे.

नौपाड्याची_८००
खूप आभार दादा, सगळेच बदलते. टाकीकडच्या लोखंडी नळीचं टोक गंजलंय, ते चालेल?

तुर्भेचा_फिटर
वरवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा, कीस नळीत जाऊ देऊ नका. खड्डे पडले असतील तर नवा पाइपही तिथून झिरपेल, नळीच बदलावी लागेल. काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून करा. टाकीचं झाकण आधी उघडा, आतलं प्रेशर निघून जातं. झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, आणि रात्रभर उभी राहिल्यावर परत एकदा.