शहराभोवती रेघ मारायची तर आत बांधू द्या. तुम्हाला काय वाटतं?

पायवाट
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय. शहरं वाढण्याबद्दल बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, शहर आणखी पसरू देऊ नका, शेतं आणि टेकड्या वाचवा. दुसरं, आमच्या गल्लीत मजले वाढवू नका. दोन्ही वाक्यं बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडची असतात आणि वेगवेगळी घेतली तर दोन्ही पटतात. पण एकत्र ठेवा आणि विचारा, मग नवीन माणसाने राहायचं कुठे?

तो कुठे जातो ते बघा. दक्षिण कोरियाच्या सोलने १९७१ पासून शहराभोवती हरितपट्टा, म्हणजे बांधकामाला बंदी असलेली मोकळी जमीन, राखला, पुढे माणसं मावेनात तेव्हा १९८९ नंतर पट्ट्याच्या पलीकडे बुंदांग, इल्सान अशी नवी शहरं उभारावी लागली आणि लोक रोज पट्टा ओलांडून कामाला येऊ लागले. लंडनच्या हरितपट्ट्याचंही तेच. म्हणजे हिरवळ राहिली, पण प्रवास लांबला.

शहर इथवरच अशी ही रेघ मला हवीच आहे, पुसा म्हणत नाहीये. पण रेघ मारणाऱ्याने आत जागा करून द्यायची जबाबदारीही घ्यायला हवी. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३ साली कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखायला लावली, आणि सीमेच्या आत पुढच्या वीस वर्षांना पुरेल एवढी जमीन दाखवायचं बंधनही घातलं. २०१९ मध्ये आणखी पुढे जाऊन, दहा हजारांहून मोठ्या शहरांत एका घराच्या प्लॉटवर दोन घरं बांधायला मोकळीक दिली. रेघ आणि मोकळीक जोडीने आली तरच ती रेघ प्रामाणिक. नुसती रेघ मारली तर ते आत राहणाऱ्यांनी दार लावून घेणं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा_मजला
कागदावर छान आहे हो. मी हे राहून बघितलंय म्हणून सांगते. आमच्या गल्लीत सात बंगले होते, आता त्यातल्या पाच जागी इमारती आहेत, एकेका इमारतीत सोळा घरं. रस्ता तेवढाच, पाण्याची लाईन तीच आणि ड्रेनेजची लाईनसुद्धा सात बंगल्यांसाठी टाकलेली तीच. जोराचा पाऊस आला की कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण आधी थरथरतं, मग खालून पाणी बुडबुडत वर येतं आणि तळमजल्यावरच्या आजी बाथरूमच्या जाळीवर ओलं पोतं आणि त्यावर वीट ठेवून बसतात. तीन वर्षं हेच चाललंय. मजले वाढवायची परवानगी द्यायला एक सही लागते, पाईप बदलायला रस्ता खणावा लागतो, म्हणून सही लगेच होते आणि पाईप राहून जातो.

आणि मोकळीक एकदा दिली की थांबत नाही. बार्सिलोनाच्या ज्या चौकोनी वस्तीचं सगळे कौतुक करतात तिचा सेर्दा या अभियंत्याने केलेला १८५९ चा आराखडा बघा. प्रत्येक चौकोनी गटाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग, अशी त्याची मूळ कल्पना. पुढे चारी बाजू बंद झाल्या, मजले चढले, बागेच्या जागी गोदामं आणि वर्कशॉप आली. घनता, म्हणजे दाट वस्ती, आधी येते, सोयी नंतर कधीतरी.

खुलं_आभाळ
मला तर ही रेघच मान्य नाही. जमिनीला कुंपण घातलं की आतल्या जमिनीचा भाव चढणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. फायदा कुणाचा? ज्यांच्याकडे आधीच जमीन आहे त्यांचा. तरुण जोडप्यांनी भाड्यातच आयुष्य काढायचं का? शहर पसरू द्या, रस्ते आणि रेल्वे आधी टाका, लोक जातील. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये तर झोनिंगच नाही, म्हणजे कुठल्या जमिनीवर घरं आणि कुठे दुकानं हे शहर ठरवून देत नाही, तरी ते शहर चाललंय आणि तिथे सामान्य नोकरदाराला घर घेणं अमेरिकेच्या बऱ्याच मोठ्या शहरांपेक्षा सोपं राहिलंय. आणि सगळ्यांना फ्लॅट आवडतो हे कुणी ठरवलं? मुलांनी मातीत खेळावं असं वाटणं हा काय गुन्हा आहे का.

पायवाट
@खुलं_आभाळ, गुन्हा अजिबात नाही. पण ह्यूस्टनचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्यांनी १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात प्लॉटची किमान मर्यादा ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणली आणि २०१३ मध्ये तीच सवलत बाकी शहराला दिली. एका घराच्या जागी तीन-तीन घरं झाली, ही घनताच की! आणि पसरण्याची किंमतही त्याच शहराने मोजली. तिथे अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही पूर अडवायची दोन धरणं आहेत, एरवी कोरडी असतात, आणि त्यांचं पाणी जिथवर फुगू शकतं त्या जागेतही वसाहती झाल्या. २०१७ मध्ये हार्वे वादळात पाणी तिथे फुगलं आणि हजारो घरांत शिरलं. इतका पाऊस कुठल्याही शहराला जड गेला असता हे कबूल, पण तिथे घरं बांधू देणं हा माणसाचा निर्णय होता.

अटलांटा आणि बार्सिलोनाची तुलना बऱ्याच जणांनी पाहिली असेल, १९९० च्या आसपासची. दोन्हीकडे साधारण पंचवीस-अठ्ठावीस लाख लोक. बार्सिलोनाने व्यापलेली जमीन १६२ चौरस किलोमीटर, अटलांटाने ४,२८०. आता इतक्या विरळ वस्तीत दर दहा मिनिटांनी बस कोण चालवणार, भरणारच नाही ती. रेल्वे आधी टाका म्हणणं सोपंय, पण स्टेशनपर्यंत चालत येऊ शकतील एवढी माणसं आसपास लागतात ना.

पाणलोट
तुम्ही दोघंही जमिनीवरच भांडताय. प्रदेशाची खरी मर्यादा पाण्यात आहे. ॲरिझोनात १९८० पासून कायदा आहे, फिनिक्ससारख्या भागात नवी वसाहत करायची तर शंभर वर्षांचं पाणी दाखवा. जून २०२३ मध्ये राज्याने सांगितलं की फिनिक्स परिसरात नुसत्या भूजलाच्या भरवशावर नवीन परवानगी मिळणार नाही. केप टाउनला फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरवर दिवस काढावा लागला. एक आंघोळ, थोडे कपडे, भांडी, संडासचा फ्लश, संपले पन्नास लिटर.

म्हणून मी म्हणतो की आधी खोऱ्यात पाणी किती ते मोजा, त्यातून किती माणसं भागतील तो आकडा काढा आणि तिथे थांबा. उभं वाढा की आडवं, तो नंतरचा प्रश्न. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाने १९७२ मध्येच वर्षाला साधारण ५०० नवी घरं एवढीच मर्यादा घातली होती, प्रकरण कोर्टात गेलं आणि मर्यादा टिकली.

चौथा_मजला
पाण्याचा मुद्दा एकदम पटला. आमच्याकडे वरच्या मजल्यावर सकाळी साडेसातनंतर धार करंगळीएवढी येते.

नकाशा_घडी
@पाणलोट, आकड्यावर थांबा म्हणजे नेमकं कुणी थांबायचं? घरांची संख्या थांबवता येते, माणसं थांबत नाहीत. अमेरिकेतल्या बोल्डर शहराने १९५९ मध्ये मतदान करून ठरवलं की ५,७५० फुटांच्या वर शहराचं पाणी द्यायचं नाही. डोंगर वाचला, फार सुंदर काम झालं. पुढे घरांच्या वाढीवरही मर्यादा आली, पण नोकऱ्या वाढतच राहिल्या आणि आज हजारो लोक आजूबाजूच्या गावांतून रोज गाडीने तिथे कामाला येतात. ते पाणी पितातच की, फक्त दुसऱ्या गावाच्या नळाचं.

माझ्या आईला सांभाळायला एक ताई येतात. आमच्या भागात त्यांना परवडेल असं एकही घर नाही, कारण इथे लहान घरं बांधायलाच परवानगी नाही. दोन बस बदलून येतात, जाताना रात्री आठ वाजून दहा मिनिटांची शेवटची बस चुकली तर फाट्यावर उभ्या राहतात. आईचे पाय चेपता चेपता त्यांची नजर घड्याळाकडे असते. वस्तीचा स्वभाव जपायला हवा असं इथल्या बैठकीत कुणी म्हणालं की मला ती नजर आठवते.

आणि बागेला पाणी घालणाऱ्या सुट्या घरापेक्षा फ्लॅटमध्ये माणशी पाणी कमी लागतं. पाण्याची काळजी असेल तर तुम्ही खरं घनतेच्या बाजूने यायला हवं.

पाणलोट
माणशी कमी लागतं, मान्य. पण खोरं एकूण बेरीज बघतं. माणशी वापर निम्मा केला आणि माणसं तिप्पट आणली तर विहीर आटणारच. ताईंचा मुद्दा मनाला लागला, त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. तरी आकडा सोडायला मी तयार नाही.

खुलं_आभाळ
बघा, शेवटी सगळे कुणाला तरी बाहेरच ठेवताय. आणि घनता म्हणजे टॉवर येणार, लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसं वर अडकणार.

नकाशा_घडी
टॉवरच कशाला? पॅरिसमध्ये बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या आहेत आणि तरी एका चौरस किलोमीटरला वीस हजारांच्या आसपास लोक राहतात. उलट मोठ्या प्लॉटवर एकच टॉवर आणि भोवती पार्किंग केलं तर बऱ्याचदा घनता फार वाढतही नाही, नुसती उंची वाढते.

पायवाट
ऑकलंडने २०१६ मध्ये राहत्या वस्तीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जमिनीवर जास्त घरं बांधायला एकदमच परवानगी दिली. त्यानंतर बांधकाम परवाने खूप वाढले आणि नव्या घरांत जोडघरं, रांगेतली घरं भरपूर. एकाच गल्लीवर सगळा भार पडला नाही. @चौथा_मजला, तुमच्याकडे उलटं झालं, थोड्याच गल्ल्या मोकळ्या केल्या म्हणून सगळे बिल्डर तिथेच तुटून पडले. पाईपचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, माझ्या मूळ मांडणीत ते राहून गेलं होतं. मजले वाढले की जमिनीची किंमत वाढते, त्या वाढीतला वाटा आधी घ्या आणि लाईन बदला, मग वीट लावा.

चौथा_मजला
वाटा आमच्याकडेही घेतला होता, शुल्क म्हणून. तो गेला दुसरीकडच्या उड्डाणपुलाला. माझी अट साधी आहे. त्या गल्लीचा पैसा त्याच गल्लीत खणलेला दिसला पाहिजे, आणि नवा पाईप किती इंची आहे तो आकडा परवानगीच्या फलकावर लिहिलेला पाहिजे. तेवढं झालं तर उरलेल्या दोन बंगल्यांच्या जागी काही बांधायला माझी हरकत नाही. त्यातली चार घरं लहान असू देत, त्या ताईंसारख्यांना घेता येतील अशी.

पाणलोट
फलकावर पाण्याचा आकडाही लिहा.