क्रुप घराणं: पोलादातल्या शोधांचं श्रेय नक्की कोणाचं?

भट्टीवाला: जर्मनीतल्या एसेनच्या क्रुप घराण्याचं नाव निघालं की लोक तोफांवर येतात. मला विचाराल तर त्यांची खरी करामत रेल्वेच्या चाकात आहे. तेव्हा चाकावरची धाव, म्हणजे चाकाभोवतीचं धातूचं कडं, पट्टी वाकवून, टोकं सांधून करत. वेग वाढला की ती सांध्यावरच तडकायची. आल्फ्रेड क्रुपने १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादाचा घडीव दांडा मधोमध चिरला, चीर रुंदावत त्याचं कडं केलं आणि ते लाटून बिनजोड धाव काढली. कंपनीच्या चिन्हातली तीन कडी म्हणजे याच धावा. बैलगाडीला धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. १८२६ मध्ये आल्फ्रेडचे वडील गेले, कारखाना डबघाईला आलेला, आणि हा मुलगा अवघा १४ वर्षांचा. श्रेय घराण्यालाच.

लेथवरचा: धाव आल्फ्रेडची, मान्य. पुढचं काय? १९१२ चं क्रोम-निकेल स्टेनलेसचं पेटंट कंपनीचं, पण डोकं बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर या संशोधकांचं. आपल्या स्वयंपाकघरातलं १८-८ स्टील (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) त्याच वंशातलं. आम्ही वर्कशॉपमध्ये धातू कापायच्या हत्याराच्या कार्बाइडच्या अतिकठीण टोकाला, टिपेला, सरसकट ‘विडिया’ म्हणतो. ते तर बर्लिनला ओस्राम कंपनीत जन्मलं. क्रुपने हक्क विकत घेऊन विकलं.

भट्टीवाला: अहो, पण प्रयोगशाळा कोणी पोसली? १८५१ च्या लंडन प्रदर्शनात क्रुपने सुमारे दोन टनांचा ओतीव पोलादाचा ठोकळा मांडला होता. पोलाद वितळवायच्या एका मुशीत, म्हणजे भांड्यात, मावणार किती? कित्येक मुशी एकामागून एक, खंड न पडता ओतायच्या. मध्ये थांबलात तर ठोकळा एकजीव होत नाही. एवढ्या माणसांना एका तालात आणणं हीसुद्धा धातुविद्याच आहे.

लेथवरचा: मग मुशी उचलणारे कुठे गेले तुमच्या हिशेबात? तो ताल त्यांच्या हातांचा होता.

जुनी_पानं: दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यांत परदेशी मजूर आणि छळछावण्यांतले कैदी राबवले. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात आल्फ्रेडचा पणतू आल्फ्रीड क्रुप याला त्यासाठी १२ वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो सुटला आणि मालमत्ताही परत मिळाली. श्रेय घराण्याचं म्हणायचं, तर हेही त्याच खात्यात मांडा.

भट्टीवाला: मांडायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण आल्फ्रेड १८८७ मध्ये वारला. पणतवाच्या गुन्ह्यासाठी त्याची धाव मी खोडणार नाही.

लेथवरचा: धाव नका खोडू. श्ट्राउस आणि माउररची नावं तेवढी वर घ्या.