लॉनच्या जागी घायपात? (सोसायटी ग्रुप, लातूर)

सचिव: नमस्कार. कंपाउंडलगतचं लॉन उन्हानं पार गेलंय. टँकरचं पाणी घालून ते परत जगवायचं नाही, हे मीटिंगमध्ये ठरलंच आहे. तिथं घायपात लावलं तर? मतं कळवा.

कुलकर्णी काकू: मोठी कोरफडच की ती. लावा बाई, केसांना होईल 😀

मोरे काका: काकू, केसांना चुकूनही लावू नका! कोरफड निराळी, हे निराळं. गावाकडं बांधावर असायचं ते केकताड हेच. दोर, दावी वळायचे त्याचे. चिकात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, अंगाला लागला की आग होते अन् पुरळ उठतं.

जाधव वहिनी: आणि काटे? लेकरं तिथंच क्रिकेट खेळतात हो.

देशमुख आजी: काटेरी झाड दारात नसावं म्हणतात.

मोरे काका: आजी, दारात नाहीच, मागच्या भिंतीला लावू. वहिनी, तुमचं मात्र खरंय. साधं घायपात खेळाच्या बाजूला नकोच. त्याची पानं ५-६ फूट जातात, टोकाला दाभणासारखा काटा. आपली पट्टी अरुंद, तिथं २-३ झाडं बास, मधे ८-१० फूट सोडून. टोकाचे काटे कात्रीनं छाटता येतात, झाडाला काही होत नाही. लेकरांच्या बाजूला घायपाताचीच बिनकाट्याची जात, अ‍ॅगेव्ह अटेनुआटा, लावू. पण ते नाजूक, आपल्या दुपारच्या उन्हात पानं भाजतात. जिन्याच्या सावलीला ठेवायचं.

सचिव: पाणी किती लागेल?

मोरे काका: पाण्याची काळजी नाही. हे झाड पानांची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा मिटून घेतं, म्हणून ओल टिकते. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात १५ दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं. खरी भीती पावसाळ्याची. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात मुळं कुजतात. जाग्यावर खड्डा खणून लावलं तर श्रावणातच झाड बसकण मारतंय बघा. दीड फूट उंच वरंबा करा, निम्म्याहून जास्त मुरूम अन् जाड वाळू. शेणखत नावापुरतं. पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटलेली छोटी रोपं, गावाकडून फुकट आणतो. काढल्यावर ५-६ दिवस सावलीत सुकवायची, कापलेली जागा वाळली की मगच लावायची. लगेच लावून पाणी घातलं की सडलंच.

पाटील (बी-३०३): फूल येतं का त्याला?

मोरे काका: येतं, पण आयुष्यात एकदाच. १०-१२ वर्षांनी म्हणा, नाहीतर २५-३० नं. मधून २०-२५ फुटांचा दांडा निघतो, फुलतो अन् झाड वाळून जातं. तोवर बुडाशी पिल्लं झालेली असतात.

पाटील: म्हणजे तोवर कमिटी बदलली असेल 😂

रोहन (सी-२०१): काका, टकीला याचीच करतात ना?

मोरे काका: ती मेक्सिकोतली निळी जात, वेगळी. तू आधी बॅकलॉग काढ.

कुलकर्णी काकू: 😂😂

जाधव वहिनी: काटे छाटणार असाल तर माझी हरकत नाही. पण छाटायचे कोणी? माळी दोन महिन्यांपासून गायब आहे.

सचिव: २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाच लॉन काढायला पाहिजे होतं. असो. मुरमाची एक ट्रॉली रविवारी सकाळी सांगतो. बी विंगवाल्यांनी मागच्या गेटसमोरच्या गाड्या शनिवारी रात्रीच हलवाव्यात. मोरे काका, हातमोजे जाड आणा, आपल्यालाच लावायचंय.

मोरे काका: 👍 पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या सगळे.