‘इंटू द वूड्स’ला रूपांतर म्हणायचं की माध्यमांतर?

परवा ‘इंटू द वूड्स’ परत बघितला, २०१४ चा, रॉब मार्शलचा, मेरिल स्ट्रीप चेटकीण झालीय तो. त्यावर मराठीत चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले कारण हे प्रकरण नेमकं काय आहे ते सांगायला धड शब्दच सापडेना. मूळ नाटक ब्रॉडवेचं, १९८७ चं. गाणी स्टीफन सॉन्डहाइमची, संहिता जेम्स लपाइनची, आणि सिनेमाची पटकथाही लपाइननेच लिहिलीय. म्हणजे लेखक तोच, भाषा तीच, गोष्टही बरीचशी तीच. आपल्याकडे रूपांतर म्हटलं की ‘ती फुलराणी’ आठवते, परक्या गावची माणसं इथली होतात, नावं बदलतात, बोली बदलते. इथे बदललंय ते माध्यम, म्हणून मला ‘माध्यमांतर’ जास्त पटतो. तुम्ही काय वापरता?

आणि ‘परीकथा’ शब्दही मला खटकतोय. सिंड्रेला, रापुंझेल, लाल टोपीवाली आणि जॅकचा वेल अशा चार गोष्टी एकत्र आणल्यात पण त्यात परी एकही नाही! सिंड्रेलाला कपडे मिळतात ते आईच्या थडग्यावरच्या झाडाकडून, ग्रिम बंधूंकडे आहे तसं. बूटसुद्धा सोन्याचा, काचेचा बूट पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच गोष्टीतला. ‘अद्भुतकथा’ म्हणावं तर तो शब्द फार पुस्तकी होतो.

प्रतिसाद :
परीकथा राहू दे हो, रूढ झालाय आता, परी असो नसो. पण लाल टोपीवालीची टोपी मात्र बदला. तिच्या डोक्यावरून खांद्यावर येऊन पाठीवर सोडलेलं जे असतं त्याला आपल्याकडे सरळ कुंची म्हणतात. माझ्या आजीने शिवलेली लाल खणाची कुंची अजून आमच्या ट्रंकेत आहे. आता कुंची तान्ह्या बाळाची असते आणि ही मुलगी चांगली मोठी आहे हे मान्य, पण टोपीपेक्षा जवळचं आहे.

प्रतिसाद :
म्युझिकलला ‘संगीतिका’ म्हणू नका एवढी विनंती, तो शब्द ऑपेरासाठी रुळलाय. आपल्याकडे १८८० च्या शाकुंतलापासून नाटकाच्या नावाआधी नुसतं ‘संगीत’ लागतं, तेच लावा, आणि सिनेमा असेल तर संगीतपट. फरक एवढाच की आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की गोष्ट थांबते, वन्स मोअर झाला की आणखी थांबते आणि आपल्याला ते हवंच असतं. सॉन्डहाइमकडे माणूस गाता गाता विचार बदलतो, गाणं संपतं तेव्हा तो सुरुवातीचा राहिलेला नसतो, त्यामुळे तिथे गाणं कापलं की माणसाचा तेवढा तुकडाच जातो.

धागाकर्ती :
कुंची घेतली! लगेच घेतली. संगीतपटही चालेल.

गाण्याबद्दल लिहिलंत ते फार बरोबर आहे. राजवाड्याच्या पायऱ्यांवर राजपुत्राने डांबर ओतून ठेवलेलं असतं आणि सिंड्रेलाचा बूट चिकटतो ते गाणं बघा. नाटकात ती पळून आल्यावर घडलेलं सांगते. सिनेमात ती पायरीवरच उभी आहे, भोवतीचं सगळं गोठलंय आणि ती तिथल्या तिथे ठरवतेय, म्हणून गाण्यातला काळही वर्तमान केलाय. नाटकात पायऱ्या दाखवता येत नाहीत म्हणून सांगाव्या लागतात, कॅमेऱ्याला दाखवता येतात म्हणून क्रियापदं बदलली. मला हे माध्यमांतराचं एकदम चोख उदाहरण वाटतं, आणि अॅना केंड्रिकने ते गायलंयही सुंदर.

पण दुसऱ्या अर्ध्यात माझं मन बसत नाही आणि त्याचं कारण लिहिता लिहिताच सापडलं. माध्यमांतर करताना मध्यंतर गेलं! नाटकात पहिला अंक संपतो तेव्हा सगळ्यांना सगळं मिळालेलं असतं, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, पडदा पडतो, लोक बाहेर जाऊन पाय मोकळे करतात, दहापंधरा मिनिटं त्या सुखावर विश्वास ठेवून परत येतात आणि मग दुसऱ्या अंकात ते सुख मोडतं. सिनेमात लग्नाची मिरवणूक चालू असतानाच जमीन हादरायला लागते, सुख मुरायला वेळच मिळत नाही, मग ते मोडल्याचं दुःख कुठून होणार. पहिल्या अंकाचं शेवटचं गाणंही काढून टाकलंय.

प्रतिसाद :
मग हे माध्यमांतर कसलं, यात तर मजकूरच बदललाय. रापुंझेल नाटकात दुसऱ्या अंकात मरते, सिनेमात राजपुत्राबरोबर घोड्यावरून निघून जाते. रापुंझेलला मुलीसारखं वाढवणारी चेटकीण पुढे जी सगळ्यांवर तुटून पडते तिचा मूळ घावच हलका झाला.

धागाकर्ती :
हो, हे मान्य करायलाच लागेल. आणि निवेदकाचंही तसंच. नाटकात तो सूत्रधार आहे, रंगमंचावर हाडामांसाचा उभा, आणि जॅकच्या गोष्टीतली राक्षसीण बळी मागते तेव्हा पात्रंच त्याला तिच्या तोंडी देतात, पुढची गोष्ट त्यांना सांगणाऱ्याशिवाय जगावी लागते. सिनेमात बेकरच, म्हणजे या चार गोष्टींना जोडणारा मूल नसलेला पाववाला, पडद्यामागून निवेदन करतो, त्यामुळे तो प्रसंग शक्यच नाही. सूत्रधाराचा निवेदक झाला. तर मग पहिला अर्धा माध्यमांतर आणि दुसरा अर्धा रूपांतर, असं मी लिहिणार आहे, कुणाला विचित्र वाटलं तरी.

प्रतिसाद :
‘आय विश’चं काय केलंत? नाटक त्या शब्दांनी सुरू होतं आणि संपतंही त्यांनीच. ‘माझी इच्छा आहे’ तर अगदीच अर्जातलं वाटेल.

धागाकर्ती :
त्यावर दोन दिवस घालवलेत. कहाण्यांतला ‘वसा’ घेऊन बघितला पण तो व्रताचा, ‘नवस’ देवाला बोलायचा, इथे देव नाही. शेवटी ‘हवंय’वर थांबले. सिंड्रेलाला उत्सवाला जायला हवंय, जॅकला गाईने दूध द्यायला हवंय, बेकरच्या बायकोला मूल हवंय. आणि हाच शब्द मराठीत कर्तव्यालाही लागतो, आता निघायला हवं, त्या पोराला सांभाळायला हवं. पहिल्या अर्ध्यात सगळ्यांच्या तोंडी पहिला ‘हवं’ आहे, दुसऱ्या अर्ध्यात तीच माणसं जंगलात उभी आहेत आणि दुसरा ‘हवं’ म्हणतायत. इंग्रजीत हे एका शब्दात होत नाही.