फाल्गुन-चैत्रात रोजच्या फेरीत काय बघावं? (बीड परिसर)

बिंदुसराकाठ:
रोज सकाळची फेरी नदीकाठानं, मग ज्वारी निघालेल्या रानांतून आणि शेवटी मुरमाड माळावरून असते. लाल-केशरी फुलांची झाडं बरीच आहेत, पण पळस, पांगारा आणि काटेसावर यांत गल्लत होते. जमिनीवर फुलं फारशी दिसत नाहीत. पक्ष्यांचे आवाज भरपूर, नजरेला पडतात थोडे. जाणकारांनी नेमकं सांगावं.

पळसपान:
पळसाचं फूल उलटं करून बघा. मागची वाटी काळपट आणि मखमली असते, पुढची पाकळी चोचीसारखी वळलेली. काटेसावरीला पाच जाड, मांसल पाकळ्या. तिची फुलं अख्खी गळतात, म्हणून बुडाशी सडा पडतो, आणि कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. पांगाराही काटेरी आणि पानं पळसासारखीच त्रिदली, पण त्याची लालभडक फुलं फांदीच्या टोकाला झुबक्यानं येतात आणि काळी मखमल नसते.

पक्षी दिसत नाहीत याचं कारण चालणं. फुललेला एक पळस निवडा, पंधरा-वीस पावलं लांब, ऊन पाठीवर घेऊन दहा मिनिटं उभे राहा. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल आपोआप येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवेही याच दिवसांत बघून घ्या. एप्रिल सरेपर्यंत त्या मध्य आशियाकडे निघून जातात.

शिंजीर (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी) मात्र निवांत बघा. पिवळट पोट आणि गळ्यापासून खाली काळी रेघ, असा नराचा हिवाळी वेश. आता त्यात चकचकीत निळी-काळी पिसं फुटतात आणि पक्षी ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. बरेच जण त्याला वेगळीच जात समजतात.

बांधावरचा:
जमिनीवर फुलं कमी असणारच. आपल्याकडे माळाचा बहर श्रावण-भाद्रपदात. आता ओल उरते ती खोल, त्यामुळे फुलतात झाडं. खाली टिकतं ते शेळ्या तोंड लावत नाहीत असलं काटेरी नाहीतर चिकाचं. पिवळा धोतरा: निळसर पानावर पांढऱ्या शिरा, मोडलं की पिवळा चीक. भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरते. जांभळी चांदणी, मधे पिवळे पुंकेसर, आणि पानाच्या दोन्ही बाजूंना काटे, तेव्हा हात जपून. रुईवर मोठे काळे भुंगे बघायला विसरू नका.

माळावर डोंबारी हा चंडोलाच्या कुळातला पक्षी हमखास. चिमणीएवढा, नराचं पोट काळं, डोकं राखाडी. शीळ घालत सूर मारतो आणि जमिनीजवळ येताच पुन्हा वर उसळतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर अंडी जवळच आहेत असं समजा. आल्या वाटेनंच मागे फिरा, फोटोसाठी थांबू नका. पक्षी उठून राहिला की उघड्या मुरमावर अंडी उन्हानं तापतात. ती थंड ठेवायला टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते, एवढी तिची धडपड असते. ओढ्याच्या दरडीत वेड्या राघूची बिळं असतील, तर दरडीच्या कडेवर उभं राहू नये, माती ढासळते.

वेळ सूर्योदयापासून दीड तास. मार्चच्या मध्यात म्हणजे साडेसहा ते आठ.

बिंदुसराकाठ:
खूप उपयोगी, आभार! दुर्बीण कोणती घ्यावी? चष्मा आहे. नोंदी कुठं ठेवाव्यात?

पळसपान:
8 बाय 42. 8 म्हणजे किती पट मोठं दिसतं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 10 पटीची हातात जास्त हलते. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ठेवा: सुरुवातीची वेळ, लागलेला वेळ, अंतर आणि प्रत्येक पक्ष्याची संख्या. झाडांसाठी साधी वही पुरते, पहिलं फूल कोणत्या तारखेला ते लिहा. चष्म्यावरून बघताना दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी कडा फिरवून किंवा दुमडून आत घ्या, नाहीतर दृश्याचा मधलाच गोल दिसतो.