लयकारिका केंद्रकाजवळच गोळा होतात, पेशीभर फिरत नाहीत : मदत हवी आहे

खाडीकाठ : मी रत्नागिरीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प लयकारिकांच्या (लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्या) हालचालीवर आहे. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) लायसोट्रॅकरचा रंग देऊन मी गेले तीन गुरुवार सूक्ष्मदर्शकापाशी बसते आहे. ज्या लयकारिका पेशीभर विखुरलेल्या आणि केंद्रकापासून पेशीपटलापर्यंत ये-जा करताना दिसायला हव्यात, त्या केंद्रकाच्या एका बाजूला घट्ट गोळा झालेल्या दिसतात. पेशी जिवंत आहेत आणि रंगही चांगला चढला आहे. सूक्ष्मदर्शक आठवड्यातून एकच दुपार मिळतो आणि अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा आहे, म्हणून नेमके काय चुकते ते कृपया लवकर सांगावे.

सुरूबन : रंग किती प्रमाणात आणि किती वेळ दिला, हे आपण लिहिलेले नाही. हा रंग लयकारिकेतल्या आम्लतेमुळेच आत साठतो आणि तो फार वेळ ठेवला तर तीच आम्लता कमी होऊ लागते. माझा सल्ला असा, की रंग सोडून द्यावा आणि लयकारिकेच्या पटलावरील लॅम्प-1 या प्रथिनाच्या प्रतिपिंडाने लयकारिका दाखवाव्यात. मी स्वतः नेहमी तेच करतो.

खाडीकाठ : 50 नॅनोमोलर, अर्धा तास.

कातळसडा : सुरूबन, प्रतिपिंड लावण्यासाठी पेशी आधी फॉर्माल्डिहाइडने स्थिर कराव्या लागतात. ताईंचा प्रश्न हालचालीचा आहे आणि मेलेल्या पेशीत हालचाल दिसणार नाही.

सुरूबन : हालचाल दिसणार नाही हे मान्य आहे, परंतु लयकारिका गोळा झाल्या आहेत की रंगामुळे तसा भास होतो आहे, हे प्रतिपिंडानेच ठरेल. जागा निश्चित झाल्याशिवाय हालचालीविषयी बोलण्यात अर्थ नाही.

निवृत्त शिक्षक, मालवण : मुली, हेला पेशींऐवजी माकुलाचा विचार कर. लयकारिकांना केंद्रकापासून दूर नेणारे कायनेसिन हे प्रथिन 1985 साली शोधले गेले, ते माकुलाच्या जाड चेतातंतूमधील वाहतुकीचा अभ्यास करताना. आपल्या धक्क्यावर माकुल सकाळी ताजे मिळते आणि कोकणातल्या विद्यार्थ्यांनी या प्राण्याकडे केवळ खाद्य म्हणून पाहू नये, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

कातळसडा : सर, माहिती मोलाची आहे, पण तो तंतू प्राणी ताजा असतानाच अतिशय काळजीने सोडवून काढावा लागतो. जाळ्यातून धक्क्यापर्यंत आलेल्या माकुलावर ते साधणे कठीण आहे आणि ताईंच्या हाती दोनच गुरुवार उरले आहेत.

पाणंद : ताई, चित्रण करताना पेशी कोणत्या द्रावात असतात, खोलीचे तापमान किती असते आणि दोन चित्रांमध्ये किती वेळ जातो, या तिन्ही गोष्टी सांगा.

खाडीकाठ : पेशी वाढवण्याच्या माध्यमातल्या लाल रंगामुळे पार्श्वभूमी उजळते, म्हणून ते धुऊन काढून मी पेशी साध्या फॉस्फेट क्षारद्रावणात ठेवते. दुपारभर, म्हणजे दोन-अडीच तास त्या त्यातच असतात. खोली वातानुकूलित असल्यामुळे बरीच गार असते. दर 30 सेकंदांनी एक चित्र घेते. सगळेच असे करत असतील असे वाटल्याने हे लिहिले नव्हते.

सुरूबन : मग कारण गारठ्याचे आहे.

पाणंद : गारठ्याने वाहक प्रथिने मंदावतात हे खरे, पण मंदावलेल्या लयकारिका जिथल्या तिथे रेंगाळतील, एका जागी जमणार नाहीत. त्यांना केंद्रकाजवळ ओढून आणायला डायनीन हे वाहक प्रथिन चालू असावे लागते. माझ्या मते आपण पेशींना उपाशी ठेवत आहात. त्या क्षारद्रावणात अमिनो आम्लेही नाहीत आणि ग्लुकोजही नाही. पोषण असते तेव्हा बॉर्क हा प्रथिनसमूह आर्ल-8 या प्रथिनाला लयकारिकेवर आणतो, आर्ल-8 मार्फत कायनेसिन जोडले जाते आणि पेशीतल्या रुळासारख्या सूक्ष्मनलिकेवरून लयकारिका कडेकडे जाते; उपासमारीत हा जोड ढिला पडतो, डायनीनची ओढ वरचढ ठरते आणि लयकारिका केंद्रकाजवळ जमतात, जिथे पेशीने स्वतःचेच घटक भरून आणलेल्या पिशव्यांशी त्यांची गाठ पडून त्या घटकांचे पचन होते. म्हणजे आपल्याला दिसते आहे ती उपाशी पेशीची अगदी योग्य वागणूक आहे आणि ती टाकून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चित्रांमधले अंतरही कमी करा. सेकंदाला अर्धा मायक्रोमीटर वेगाने सलग धावलेली लयकारिका 30 सेकंदांत 15 मायक्रोमीटर जाते, मग पुढच्या चित्रात तीच कोणती हे ओळखणार कसे? सेकंदाला एक चित्र घ्या, मात्र प्रकाश मंद ठेवा, कारण तीव्र प्रकाशाने पेशींना इजा होते.

शिरगावकरीण : लयकारिकेत विकर नसल्यामुळे होणाऱ्या गॉशे रोगावर उपचार कुठे मिळतात, हे कोणी सांगू शकेल का?

कातळसडा : त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा, तिथे माहितगार लोक उत्तर देतील. पाणंद यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. नुसते माध्यम बदलून भागणार नाही, कारण बायकार्बोनेटवर अवलंबून असलेले माध्यम कार्बन डायऑक्साइडच्या पेटीबाहेर काही वेळातच अल्कधर्मी होते आणि अल्कतेनेही लयकारिका केंद्रकाकडे सरकतात. लाल रंग नसलेले, अमिनो आम्ले असलेले माध्यम घेऊन त्यात हेपेस हा आम्लता स्थिर ठेवणारा पदार्थ घाला आणि तबकडी 37 अंशांवर ठेवा.

खाडीकाठ : आज गुरुवार. हेपेस घातलेले रंगहीन माध्यम वापरले, तबकडीखाली तापपट्टी ठेवली आणि सेकंदाला एक चित्र घेतले. बहुतेक पेशींत लयकारिका विखुरलेल्या दिसल्या. काही थोड्या कडेकडे धावल्या, थांबल्या आणि उलट फिरल्या. बऱ्याचशा मात्र जागच्या जागी थरथरत राहिल्या. या थरथरणाऱ्या लयकारिका बिघडलेल्या समजाव्यात का?

पाणंद : मुळीच नाही. कोणत्याही क्षणी लांब धाव घेणाऱ्या लयकारिका थोड्याच असतात. पुढच्या गुरुवारी एक तबकडी दोन तास क्षारद्रावणात ठेवा, नंतर तिलाच पूर्ण माध्यम द्या आणि तासभर चित्रण चालू ठेवा. जुनी तीन आठवड्यांची चित्रे पुसली नसतील, तर ती उपाशी गट म्हणून अहवालात घेता येतील, मात्र खोलीचे तापमान तेव्हा वेगळे होते हे स्पष्ट लिहा.

खाडीकाठ : पुसलेली नाहीत.